व्हिसा नव्हता, मग लोक गेले का नाहीत?

स्थलांतराच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल, तर तुम्ही एक वाक्य कुठे ना कुठे वाचलंच असेल: '१९६२पर्यंत भारतीयांना ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश होता.' वाक्य चूक नाही. ब्रिटनच्या १९४८च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटिश प्रजाजनाचा दर्जा दिला होता. त्यामुळे व्हिसा लागत नसे, नोकरीचं पत्र लागत नसे आणि किती दिवस राहणार हेही कोणी विचारत नसे. आपण राष्ट्रकुलाचे नागरिक आहोत एवढं बंदरावर दाखवता आलं की झालं.

आता आकडा बघा. ब्रिटिश गृहखात्याच्या अंदाजानुसार १९६० साली भारतातून तिथे गेलेल्यांची निव्वळ संख्या साधारण ५,९०० होती. चाळीस कोटींहून मोठा देश, दार उघडं, तिकडे कामगारांची टंचाई, आणि गेले फक्त एवढेच? पहिल्या वर्षी मी हा आकडा वहीत उतरवला आणि पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

कारण आपण दार एकाच बाजूने बघत होतो. ब्रिटनमध्ये शिरायला नागरिकत्वाचा पुरावा लागे, म्हणजे व्यवहारात पासपोर्ट. आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हे भारत सरकारच्या मर्जीवर होतं! त्या काळी पासपोर्ट कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे सांगणारा कायदाच नव्हता. १९२०चा पासपोर्ट कायदा होता खरा, पण तो भारतात येणाऱ्यांसाठी. बाहेर जाणाऱ्यांचं सगळं प्रशासकीय धोरणावर चाले. अशिक्षित, अकुशल माणसाने ब्रिटनसाठी अर्ज केला तर तो सहसा नाकारला जाई. परत आणायचा खर्च सरकारवर पडू नये म्हणून हमीही मागत. परदेशात देशाची 'प्रतिमा' खराब होईल ही भीती त्यामागे होती. कालथमिका नटराजन यांनी दाखवलं आहे की, या प्रतिमेच्या काळजीत जात आणि वर्ग दोन्ही मिसळलेले होते. 'कुली' म्हणून गेलेल्या गिरमिटियांची आठवण अधिकाऱ्यांना नको होती. म्हणजे जो अडवत होता तो गोरा अधिकारी नव्हता, आपलाच होता. बनावट पासपोर्टांचा धंदा का फोफावला ते वेगळं सांगायला नको.

१९६१मध्ये तोच आकडा २३,७५०वर गेला. नोव्हेंबर १९६१मध्ये ब्रिटिश संसदेत निर्बंधांचं विधेयक आलं होतं, आणि दार बंद होण्याआधी पोहोचायची घाई सुरू झाली होती. कायदा १ जुलै १९६२ला लागू झाला. त्यानंतर कामासाठी जायचं तर व्हाउचर लागे: 'अ' वर्ग नोकरी ठरलेल्यांना, 'ब' वर्ग पात्रता असलेल्यांना, 'क' बाकीच्यांना. पण लक्षात घ्या, हा व्हिसा नव्हे. भेटीसाठी जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा लागू झाला तो थेट १९८६मध्ये. प्रबंधात १९६२ आणि १९८६ यांची गल्लत केली की तोंडी परीक्षेत पकडले जाणार, हे नक्की.

इकडच्या दाराचं काय झालं? सतवंत सिंग साहनी या व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: परदेशी जाण्याचा हक्क हा कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याशिवाय तो हिरावून घेता येणार नाही. (निकाल लिहिणारे सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला, राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) सरकारने आधी वटहुकूम काढला, मग जूनमध्ये आजचा पासपोर्ट कायदा आला. नकार द्यायचा तर आता कायद्यात लिहिलेलं कारण दाखवावं लागणार होतं.

तोवर ब्रिटनची व्हाउचर पद्धत लागू होऊन पाच वर्षं झाली होती.

तेव्हा तुमचा विषय कुठल्याही देशातल्या प्रवेशाचा असो, एक तक्ता करा. डावीकडे त्या देशाचे नियम तारखांसह, उजवीकडे निघणाऱ्या देशाचे. लंडनमधल्या क्यूच्या फायली डाव्या रकान्याबद्दल बोलतात. उजव्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र मंत्रालयाच्या फायली उघडाव्या लागतात. तिथे नाकारलेल्या अर्जांवरचे शेरे आधी वाचा, धोरणाची परिपत्रकं नंतर.