एमआरआयचा इतिहास आणि मुंबईतला एक विसरलेला दुवा



पिंपळगाव बसवंतला येऊन विज्ञानावर बोलायचं, तर सुरुवात द्राक्षापासूनच करायला हवी. इथल्या बागायतदारांना 'जीए' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घडाची विरळणी असो की मण्यांची फुगवण, जीएचं डिपिंग ठरलेलं. पण हे जीए आलं कुठून? द्राक्षावरच्या संशोधनातून ते आलेलं नाही. जपानी शास्त्रज्ञ भाताच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. त्या रोगात भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि आडवी व्हायची. हे काम एका बुरशीतून बाहेर पडणाऱ्या द्रव्याचं आहे, असं कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं. तेच द्रव्य म्हणजे जिबरेलिन. भाताचा रोग शोधता शोधता हाती लागलेली गोष्ट पुढे निफाड तालुक्यातल्या द्राक्षाचा मणी मोठा करू लागली.

आजचा विषय याच जातीचा आहे. घरातल्या कुणाची कंबर धरते, हातापायाला मुंग्या येतात, डॉक्टर म्हणतात, "एमआरआय करून घ्या." मग तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकला जायचं, अंगठी, साखळी, किल्ल्या काढून ठेवायच्या, त्या बोगद्यात निजायचं आणि अर्धा-पाऊण तास धाड-धाड आवाज ऐकत पडून राहायचं. बाहेर आल्यावर मोठं पाकीट मिळतं. बिल बघून आपण गप्प होतो. या यंत्राची गोष्ट आपण डॉक्टरांकडून ऐकत नाही, कारण ती मुळात डॉक्टरांची गोष्ट नाहीच. ती पदार्थविज्ञानाची आहे. आणि तिच्यातलं एक पान थेट मुंबईशी जोडलेलं आहे.

आधी आत काय होतं ते पाहू. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजेच हायड्रोजन भरपूर. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हे एक इवलंसं चुंबक असतं. एरवी ही चुंबकं हव्या त्या दिशेला तोंड करून असतात. दवाखान्यातल्या नेहमीच्या यंत्राचं चुंबक दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त जोराचं असतं. एवढा जोर लावूनही सगळे प्रोटॉन ओळीत उभे राहतात असं समजू नका. चुंबकाच्या बाजूने आणि विरुद्ध असे जवळजवळ सारखेच असतात. दहा लाखांत जेमतेम पाचांचं मताधिक्य चुंबकाच्या बाजूने पडतं. पण शरीरात प्रोटॉनच इतके अफाट की तेवढं मताधिक्य पुरतं. मग सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडायच्या. त्या नेमक्या कंपनसंख्येला हे प्रोटॉन डोलतात आणि लहर बंद केली की स्वतःच बारीक संदेश परत देतात. याला म्हणायचं अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन.

घन आणि द्रव पदार्थांतला हा संदेश पहिल्यांदा पकडला गेला १९४५-४६ च्या हिवाळ्यात. अमेरिकेत हार्वर्डला पर्सेल आणि स्टॅनफर्डला ब्लॉख, दोघांनी स्वतंत्रपणे. पर्सेल यांच्या गटाने मेण वापरलं, ब्लॉख यांच्या गटाने साधं पाणी. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. त्यांच्यासमोर रोगी नव्हता, दवाखानाही नव्हता. अणुकेंद्राचं चुंबकत्व नेमकं किती, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आणि इथे एक अडचण उभी राहिली. १९५० साली स्टॅनफर्डला प्रॉक्टर आणि यू नायट्रोजनचं मोजमाप करत होते. नमुना होता अमोनियम नायट्रेट. नायट्रोजनचं केंद्र एकच, तर संदेशही एकच यायला हवा. आले दोन! अणुकेंद्राची नेमकी किंमत काढायला निघालेल्या भौतिकशास्त्रज्ञांना ही कटकटच वाटली. अणू कोणत्या रेणूत, कुणाच्या शेजारी बसला आहे, त्यावर संदेश थोडा सरकतो असं दिसू लागलं. म्हणजे मोजायला गेलो केंद्र, आणि मध्ये रसायनशास्त्र लुडबुड करतंय.

ही कटकट म्हणजेच खरा खजिना आहे, हे लख्खपणे दाखवणारा लेख १९५१ साली आला. त्याचे लेखक तीन : आर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. मधलं नाव पुन्हा ऐका. एस. एस. धर्मट्टी. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा आपल्या देशातला माणूस. त्यांनी नमुना घेतला इथिल अल्कोहोलचा, म्हणजे द्राक्षाचा रस आंबला की त्यात तयार होतं तेच. या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू. तीन एका टोकाच्या कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनला धरून. आलेखावर तीन शिखरं उमटली आणि त्यांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण निघालं ३, २ आणि १. रेणू न फोडता, न जाळता, नुसतं चुंबकात ठेवून त्याच्या आतली मांडणी वाचता आली. आजही जगभरच्या वर्गांत हा विषय शिकवायला घेतला की अल्कोहोलचाच आलेख फळ्यावर येतो. आम्हीही तो वर्षानुवर्षं काढत आलो. त्यामागच्या तीन नावांतलं एक भारतीय आहे, हे मात्र आम्ही विद्यार्थ्यांना फार उशिरा सांगायला लागलो. त्याची आम्हाला खंत आहे.

हे धर्मट्टी पुढे मुंबईला आले, होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. ही संस्था सुरू झाली १९४५ साली. कुलाब्याची आजची समुद्राकाठची इमारत १९६२ ची. त्याआधी काही वर्षं तिचा संसार गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होता. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मुंबईत चुंबकीय अनुस्पंदनावर काम करणारा गट उभा राहिला तो धर्मट्टींमुळे. जगात हा विषयच तेव्हा कोवळा होता. म्हणजे आपण मागून धावत गेलो असं नाही, गाडी सुटली तेव्हा आपण डब्यात होतो.

त्या गटाची शाखा पुढे दोन दिशांना वाढली. एक गेली धातू आणि संमिश्रांच्या चुंबकत्वाकडे. आर. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी पदार्थाच्या आत अणूपाशी काय चुंबकीय घडामोड होते ते याच तंत्राने तपासलं. दुसरी गेली रेणूंकडे आणि जीवशास्त्राकडे. १९८३ साली टीआयएफआरमध्ये उच्च क्षेत्राच्या अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. गिरिजेश गोविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनं आणि डीएनए यांच्या रचनेवर काम केलं. धर्मट्टींच्या हाताखाली तयार झालेल्या सी. एल. खेत्रपाल यांनी पुढे लखनौला वैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदनाचं केंद्र उभं केलं.

मग दवाखान्यातलं यंत्र कुठे जन्मलं? १९७१ साली अमेरिकेत डॅमेडियन यांनी दाखवलं की उंदराच्या गाठीतल्या पेशींचा संदेश निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या वेगाने विरतो. पण संदेश शरीरात नेमका कुठून आला ते कसं कळणार? १९७३ मध्ये लॉटरबर यांनी साधी युक्ती काढली. चुंबकक्षेत्र सगळीकडे सारखं ठेवायचंच नाही. एका टोकाला थोडं कमी, दुसऱ्या टोकाला थोडं जास्त. मग प्रत्येक ठिकाणची कंपनसंख्या वेगळी. आपल्या मुंबई-आग्रा रस्त्यावर किलोमीटरचे दगड असतात ना, तसा शरीरातल्या प्रत्येक जागेला नंबर मिळाला. तो धाड-धाड आवाज येतो तो याचाच. हे कमीजास्त क्षेत्र भराभर बदलणारी वेटोळी त्या जोरकस चुंबकात थरथरतात. लॉटरबर यांचा लेख 'नेचर'ने आधी नाकारला होता, हेही लक्षात ठेवा. इंग्लंडात मॅन्सफील्ड यांनी चित्र वेगाने काढायचं गणित बसवलं. २००३ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं, आणि त्यांच्यात डॉक्टर एकही नाही. यंत्र दवाखान्यात आलं तेव्हा 'न्यूक्लिअर' हा शब्द गाळला गेला. लोकांना तो ऐकून किरणोत्सर्गाची धास्ती वाटायची. इथे तसलं काही नसतं.

आता अवघड प्रश्न. ज्या देशात १९५० च्या दशकात हा विषय जाणणारी माणसं होती, त्या देशातल्या दवाखान्यांत ही यंत्रं बाहेरून का आली?

आम्ही याचं उत्तर असं लावतो. संदेश समजणं वेगळं आणि चुंबक बनवणं वेगळं. दीड टेस्लाचं क्षेत्र माणूस मावेल एवढ्या पोकळीत, रात्रंदिवस, केसाइतकाही फरक न पडता ठेवायचं, तर साध्या तांब्याच्या तारेचं ते काम नाही. तिथे लागते अतिसंवाहक तार. १९११ साली कॅमरलिंग ओनस यांना दिसलं की पारा अतिथंड केला की त्याचा विजेला होणारा विरोधच नाहीसा होतो. या गुणाची कामाची तार, नायोबियम आणि टायटॅनियमची, हाती यायला १९६० चं दशक उजाडलं. ती द्रवरूप हीलियममध्ये बुडवून ठेवावी लागते, उणे २६९ अंशांना. नेहमीच्या यंत्रात असा हजार-दीड हजार लिटर हीलियम असतो, आणि तो आपल्याकडे बाहेरूनच येतो. तार, थंडावा, अचूक इलेक्ट्रॉनिक्स हे सगळं बनवणारे कारखाने एकमेकांच्या शेजारी लागतात. प्रयोगशाळा आपण बांधली, तिच्या शेजारचा कारखाना राहून गेला.

अतिसंवाहकतेचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं, असंही म्हणता येत नाही. १९९४ च्या जानेवारीत टीआयएफआरच्या नागराजन आणि सहकाऱ्यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता जाहीर केली. चुंबकत्वासाठी ओळखला जाणारा निकेल आणि अतिसंवाहकता एका घरात नांदतात, हे पाहून जगभरच्या प्रयोगशाळा त्या पदार्थामागे लागल्या. पुढे त्याच संस्थेत रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथमध्येही, निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यावर, अतिसंवाहकता दाखवली.

चुंबकीय तनुपटांची, म्हणजे अतिशय पातळ चुंबकीय थरांची कथा याच घराण्यातली. १९८८ साली फ्रान्समध्ये फेर आणि जर्मनीत ग्रुनबर्ग यांनी लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक चढवले. शेजारच्या थरांचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर वीज सहज जाते, विरुद्ध असेल तर अडते. हे निव्वळ कुतूहल होतं. नऊ वर्षांत, १९९७ ला, हे तत्त्व वापरणारी हार्ड डिस्क बाजारात आली. २००७ ला दोघांना नोबेल. तुमच्या मणक्याची शेकडो चित्रं दवाखान्याच्या संगणकात साठली आणि परत वाचली गेली, ती वर्षानुवर्षं अशाच थरांच्या जोरावर. आता असल्याच थरांनी रक्तातली एखाद्या रोगाची खूण ओळखता येईल का, यावर काम चालू आहे. आपल्याकडेही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तनुपटांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे आणि मुंबईच्या आयआयटीत चुंबकीय नॅनोकणांनी कर्करोगाची गाठ आतून तापवण्यावर संशोधन झालं आहे.

यंत्राच्या बाबतीत आता हालचाल दिसते. मुंबईच्याच 'समीर' संस्थेच्या पुढाकाराने देशी एमआरआयचा प्रकल्प हाती घेतला गेला, त्यात अतिसंवाहक चुंबकाचं काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राकडे आहे. २०२३ साली बंगळुरूच्या एका कंपनीने बनवलेलं दीड टेस्लाचं देशी यंत्रही जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. पण १९५१ पासून मोजा, किती वर्षं गेली.

मंडळी, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. नुसती बाग पिकली म्हणून द्राक्ष युरोपात जात नाही. पॅकहाउस लागतं, प्रिकूलिंग लागतं, कोल्ड स्टोरेज लागतं. यातला एक दुवा तुटला की माल बांधावरच पडतो. विज्ञानाचंही तेच झालं. आपली बाग उत्तम होती, पुढची साखळी अपुरी राहिली. म्हणून कुणी बागच बंद करा म्हणेल, तर ते चूक. "याचा उपयोग काय?" असं धर्मट्टींना १९५१ साली कुणी विचारलं असतं, तर त्यांनाही एमआरआय हे उत्तर देता आलं नसतं. तसं ते कुणालाच आलं नसतं.

तेव्हा दोन मागण्या आपण एकाच वेळी केल्या पाहिजेत. उपयोग न दिसणाऱ्या संशोधनाला पैसा द्या, ही एक. आणि त्याच्या शेजारी तार ओढणारा, हीलियम जपणारा, यंत्र दुरुस्त करणारा कारखाना उभा करा, ही दुसरी. तुमच्या घरातलं पोर बारावीनंतर "भौतिकशास्त्र घेतो" म्हणालं, तर लगेच कपाळाला हात लावू नका. एवढं आमचं मागणं.

 आता प्रश्न विचारा.