ढगांचा छंद आणि विद्युत् सिगारेट : एका साधनाच्या हेतुपालटाचा इतिहास

१

एखादे साधन ज्या हेतूने निर्माण होते त्याच हेतूने ते पुढे वापरले जाईल, अशी ग्वाही तंत्राच्या इतिहासात देता येत नाही. विद्युत् सिगारेट हे याचे अलीकडचे आणि बोलके उदाहरण होय. तंबाखूच्या धुरातून माणसाची सुटका व्हावी म्हणून जे साधन कल्पिले गेले, त्यातूनच कोणत्याही चिरुटाला लाजवतील असे पांढरे लोट काढण्याचा छंद इ. स. २०१२ नंतरच्या चार-पाच वर्षांत मुख्यतः अमेरिकेत भरभराटीस आला. ‘क्लाउड चेसिंग’, म्हणजे ढगांचा पाठलाग, या नावाने तो ओळखला जातो.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु डोळ्यांना दिसणारा धूर आणि रक्तात भिनणारे निकोटीन ही एकाच व्यसनाची अविभाज्य अंगे होत, असे तीन-चार शतके गृहीत धरले गेले होते. या छंदाने त्या दोहोंची फारकत केली. ती झाल्यावर कायद्याने नेमके कशाचे नियंत्रण केले, ढगाचे की निकोटीनचे, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

धूर दिसावा ही हौस मात्र नवी नव्हे. असद बेग काझवीनी याने इ. स. १६०४च्या सुमारास विजापुराहून अकबराच्या दरबारी तंबाखू नेली, तेव्हा तिच्याबरोबर ओढण्याची सजवलेली नळीही नेली. दरबारातील हकिमाने तेव्हा हरकत घेतली आणि पुढे १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानास मनाईही फर्मावली. तरीही दख्खनेत बिदरी कामाचे हुक्के घडत राहिले. पदार्थाइतकेच त्याच्या उपकरणाला आणि त्यातून निघणाऱ्या धुराला मोल होते, हे यावरून स्पष्ट होते.

२

धूरविरहित सिगारेटची कल्पना पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये पेटंटच्या अर्जाद्वारे मांडली. १९६५ मध्ये पेटंट मिळाले. पण ते साधन बाजारात आले नाही. पुढे २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने निकोटीनयुक्त द्रावाचे सूक्ष्म तुषारांत रूपांतर करणारे उपकरण सिद्ध केले. ते चीनमध्ये २००४ मध्ये विक्रीस आले, व कालांतराने त्याला ‘रुयान’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थ ‘धुरासारखे’ असा आहे. सुटका धुरापासून, पण नाव धुराचेच, ही विसंगती आरंभापासून या साधनाच्या पोटी होती.

२००६-०७च्या सुमारास ही उपकरणे युरोप-अमेरिकेत पोहोचली. त्यांचा आकार सिगारेटचा, घट लहान आणि वाफ विरळ असे. धुराची सवय जडलेल्या माणसाचे तेवढ्याने समाधान होईना. म्हणून काही खटपट्या ग्राहकांनी मोठे घट बसवण्यासाठी टॉर्चच्या नळ्या वापरून स्वतःची उपकरणे जुळवली. मूळ वस्तूत फेरफार केलेली म्हणून त्यांना ‘मॉड’ म्हणू लागले. ग्राहकच कारागीर झाला, आणि या छंदाचा उगम त्या घटनेत आहे.

३

या छंदाचे शास्त्र जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावर उभे आहे. आरंभीच्या उपकरणातील तापतारेचा रोध सुमारे अडीच ओहम धरला, तर ३.७ व्होल्ट दाबाखाली तीत साडेपाच वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते. तोच रोध ०.२ ओहमपर्यंत उतरवला आणि पूर्ण भारित घटाचा ४.२ व्होल्ट दाब दिला, तर २१ अँपिअर प्रवाह वाहून ८८ वॅटपर्यंत शक्ती मिळते. रोध एक ओहमच्या खाली नेण्याची ही रीत ‘सब-ओहम’ म्हणून रूढ झाली.

द्रावही बदलला. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, तर ग्लिसरीन २९० अंशांना. घशाला चटका हवा असणारे पहिल्याकडे झुकत. दाट व रेंगाळणारा लोट हवा असणारे ग्लिसरीनचे प्रमाण वाढवीत. ज्याला वाफ म्हणतात ती वस्तुतः वाफ नसून याच द्रव्यांच्या अतिसूक्ष्म थेंबांचा समूह असतो, आणि म्हणूनच ढग ही उपमा शास्त्रदृष्ट्याही चुकीची नाही.

नवशिक्याचे शिक्षण ठरावीक क्रमाने होई. लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे कांथलची, तार दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या सळईवर गुंडाळून वेटोळे करावयाचे. मापकावर त्याचा रोध पाहावयाचा. ते मध्यापासून कडांकडे सारखे तापते की नाही हे तपासावयाचे. मग त्यातून कापसाची वात ओवून ती द्रावाने भिजवावयाची. वात फार घट्ट झाली तर द्राव चढत नाही, सैल झाली तर गळतो. शेवटी श्वासाचा पाठ येई. सिगारेटचा झुरका आधी तोंडात घेऊन मग आत ओढतात. येथे तो सरळ फुप्फुसात घ्यावा लागे. त्यासाठी हवेची छिद्रे रुंद ठेवीत, आणि वारा नसलेली दमट खोली पसंत करीत, कारण अशा हवेत लोट लवकर विरत नाही.

या विद्येत चुकीला क्षमा नव्हती. संरक्षक मंडल नसलेल्या यांत्रिक उपकरणात ०.१ ओहमचे वेटोळे बसवले तर ४२ अँपिअर प्रवाह ओढला जातो, आणि सामान्यतः वापरला जाणारा १८ मिलिमीटर व्यासाचा घट तो भार सुरक्षितपणे सोसू शकत नाही. २०१८ मध्ये फ्लॉरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये उपकरणाच्या स्फोटाने प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला. म्हणूनच ओहमचा नियम पाठ असणे ही या मंडळींत प्रवेशाची अट मानली जाई. ते ज्ञान शोभेचे नसून जीव वाचवणारे होते.

४

२०१४ पर्यंत हा छंद सार्वजनिक झाला. दुकानांत व मेळाव्यांत स्पर्धा भरू लागल्या. स्पर्धक मापाच्या खुणा असलेल्या भिंतीपुढे उभे राहून लोट सोडीत आणि परीक्षक त्यांची लांबी व घनता पाहून निवाडा करीत. त्याच वर्षी ऑक्सफर्ड कोशाने ‘व्हेप’ हा वर्षाचा शब्द ठरवला. याच काळात ढग नागरिकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. न्यूयॉर्क शहराने २०१३च्या अखेरीस आपल्या धूम्रपानबंदीच्या कक्षेत विद्युत् सिगारेट आणली. धूर व तुषार दुरून वेगळे ओळखता येत नाहीत, हा युक्तिवाद त्यामागे होता.

पण ढग जसा वाढला तशी त्यातील निकोटीनची मात्रा उतरली होती. आरंभीच्या द्रावात दर मिलिलिटरला १८ किंवा २४ मिलिग्रॅम निकोटीन सर्रास असे. ढगांच्या छांदिष्टांनी ते ३ मिलिग्रॅमवर आणले, आणि कित्येक शून्यावर आले. याचे कारण सद्गुण नव्हे, सोय होय. इतका मोठा लोट तीव्र द्रावाचा घेतला असता तर डोके गरगरले असते. येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. १८ मिलिग्रॅमचा अडीच मिलिलिटर द्राव आणि ३ मिलिग्रॅमचा पंधरा मिलिलिटर द्राव यांत निकोटीन सारखेच, ४५ मिलिग्रॅम भरते. तेव्हा मात्रा विरळ म्हणजे सेवन अल्प असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय द्राव अति तापला असता फॉर्माल्डिहाइड निर्माण होते, हेही २०१५च्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

त्याच २०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ हे उपकरण आले. ते बंदिस्त, हातात लपेल असे, आणि त्याचा लोट क्षणात विरणारा. द्रावात मात्र निकोटीन क्षाररूपात, वजनाने ५ टक्के. तार नाही, वात नाही, गणित नाही. वापरणाऱ्याला आपण काय ओढतो हे ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी विद्युत् सिगारेटचे चालू सेवन करणारे आढळले. हे व्यसन पसरले ते मोठ्या ढगावर स्वार होऊन नव्हे. ढग नाहीसा झाल्यामुळे ते वर्गात आणि घरात लपून राहू शकले.

५

या फारकतीला कायद्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेने ऑगस्ट २०१६ पासून ही उत्पादने तंबाखूजन्य मानली. पाया पदार्थाच्या उगमाचा असल्याने कृत्रिम निकोटीन कक्षेत आणण्यास २०२२ची दुरुस्ती लागली. त्याच नियमानुसार द्राव मिसळणारा वा उपकरण जुळवून विकणारा छोटा दुकानदार उत्पादक ठरला. युरोपीय संघाने मे २०१६ पासून तीव्रता हा निकष लावला : मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आणि टाकीला २ मिलिलिटरची. परिणामी निकोटीन नसलेल्या द्रावाच्या मोठ्या बाटल्या विकण्याची वाट मोकळी राहिली. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने व वर्षअखेरीस कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात व साठा यांवर बंदी घातली. त्यातील व्याख्येनुसार श्वासावाटे घेण्यासाठी तुषार निर्माण करणारे उपकरण निषिद्ध होय, मग द्रव्यात निकोटीन असो वा नसो. म्हणजे अमेरिकेने उगम पाहिला, युरोपने मात्रा पाहिली, आणि भारताने ढग पाहिला. विडी आणि सिगारेट मात्र या तिन्ही ठिकाणी विक्रीत राहिल्या.

भारतीय व्याख्येची व्याप्ती निष्कारण आहे असे म्हणता येत नाही. बंदिस्त उपकरणाचा फैलाव पाहिल्यानंतर पळवाटा बुजवण्याची निकड समजण्याजोगी होती. तथापि इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवणे प्राप्त आहे. ज्या छंदाने धूर आणि नशा वेगळे होऊ शकतात हे प्रथम दाखवले, त्याचा पुरावा धोरणाच्या विचारात क्वचितच घेतला गेला. जे ठळकपणे दिसत होते ते आधी नियमांच्या कक्षेत आले. जे दिसत नव्हते ते त्या अवधीत शाळेच्या दप्तरात जाऊन बसले. विजापुरी नळीला हरकत घेणाऱ्या हकिमापुढे धूर आणि द्रव्य वेगळे पाहण्याचे साधन नव्हते. एकविसाव्या शतकातील धोरणकर्त्यांपुढे ते होते.