बारा व्याख्यानांची कथा

१८८७ सालीं इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं, तेथील टेक्निकल स्कूलमध्यें, जॉर्ज डेव्हिस यांनीं १२ व्याख्यानांची एक माला गुंफली. विषय होता केमिकल इंजिनिअरिंग. रसायनशास्त्र जुनें, यंत्रशास्त्रही जुनें. परंतु या दोहोंच्या सीमेवर एक तिसरें शास्त्र उभें आहे, हें तोंवर फारच थोड्यांच्या ध्यानीं आलें होतें. १८८० सालीं डेव्हिस यांनीं या विषयाची संस्था काढण्याचा यत्न केला होता, तो फसला.

त्यांचा अनुभव कारखान्यांतला होता. त्या काळीं मिठापासून सोडा करतांना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु धुराड्यांतून बाहेर पडे आणि भोंवतालचीं झाडें-पिकें करपून जात. या वायूचा शेंकडा ९५ भाग अडविलाच पाहिजे, असें १८६३ च्या कायद्यानें ठरविलें. त्या कायद्याखालीं निरीक्षक या नात्यानें डेव्हिस यांनीं अनेक कारखाने आंतून पाहिले. प्रत्येक धंद्याची कृति निराळी. पण तापविणें, आटविणें, गाळणें, वाळविणें या क्रिया सर्वत्र त्याच. याच क्रियांच्या अनुरोधानें त्यांनीं विषयाची मांडणी केली.

ही मांडणी कां हवी होती? चार माणसांचा भात उत्तम करणारी गृहिणी लग्नांतील चारशें पानांचा भात त्याच अंदाजानें करूं लागली, तर तो तळाशीं करपेल आणि वर कच्चा राहील. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दसपट केली कीं आंतील माल हजारपट होतो. पण ज्या पृष्ठभागांतून आंच शिरावयाची, तो मात्र शंभरपटच वाढतो. प्रयोगशाळेंतील यश कारखान्यांत फसतें, त्याचें एक मोठें कारण हेंच.

व्याख्यानांवर टीका झाली, ती अशी कीं, हें तर कारखानदारांना ठाऊकच आहे! टीका सर्वस्वी खोटी नव्हती. पण जें ज्ञान धंद्याचें गुपित म्हणून भिंतीआड राहत होतें, तें प्रथमच पद्धतशीरपणें शिकविण्याजोगें झालें होतें.

पुढच्याच वर्षीं, १८८८ सालीं, अमेरिकेंत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्यें लुईस नॉर्टन यांनीं याच विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. डेव्हिस यांचा ग्रंथ १९०१ सालीं निघाला. १९०७ सालीं ते वारले. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानेंही रासायनिक तंत्रविद्येचा विभाग उघडला, आणि ही विद्या आपल्या दारीं आली.

विद्या नव्या शोधानें वाढते, तशीच ती हातच्या ज्ञानाला शब्द दिल्यानेंही वाढते. मँचेस्टरच्या १२ व्याख्यानांचें मोल तें हेंच.