डिओडंड : मृत्यूचें मोल कोणाचें?

इंग्रजी कायद्याच्या जुन्या ग्रंथांत ‘डिओडंड’ असा एक शब्द आढळतो. त्यांतील ‘डंड’ आपल्या ‘दंडा’सारखा ऐकूं येतो; परंतु तें साम्य वरवरचें आहे. मूळ लॅटिन शब्द ‘देओ दांदुम्’, म्हणजे ‘देवाला द्यावयाचें’. लॅटिन ‘देउस्’ आणि संस्कृत ‘देव’, तसेच लॅटिन ‘दारे’ व संस्कृत ‘दा’ हे मात्र खरोखरच एका कुळांतले शब्द होत.

मध्ययुगीन इंग्लंडांत मनुष्य अपघातानें मेला, म्हणजे ज्या वस्तूनें त्याचा प्राण घेतला ती वस्तु, अगर तिची किंमत, राजाकडे जमा होई. मग तो मारका बैल असो कीं गाडीचें चाक. किंमत कॉरोनरचे पंच ठरवीत. उभ्या गाडीच्या चाकावर चढतांना कोणी पडून मेला, तर चाक तेवढें जाई. गाडी चालती असली, तर सबंध गाडी जाई. हा पैसा धर्मकृत्यांत लागावा, असा मूळ हेतु होता. पुढें हा हक्क अनेक जहागीरदारांस मिळाला, आणि देवाच्या नांवाचा पैसा त्यांच्या तिजोरींत पडूं लागला.

मृताच्या बायकामुलांस मात्र त्यांतील एक कवडीही हक्कानें मिळत नसे. उलट, मृत्यूबद्दल आप्तांस भरपाई मागतां येत नाहीं, असा निर्णय १८०८ सालीं लॉर्ड एलेनबरो यांनीं दिला. जखमी मनुष्याला दावा लावतां येई. तो मेला, कीं दावाही सरे!

कालांतरानें पंच नाममात्र किंमत ठरवूं लागले व ही चाल निस्तेज झाली. तिला पुन्हा धार आणली ती आगगाडीनें. २४ डिसेंबर १८४१ रोजीं सॉनिंग येथील खिंडींत दरड कोसळली व ग्रेट वेस्टर्न रेल्वेची मालगाडी तीवर आदळली. उघड्या डब्यांत दाटीनें बसलेले नऊ गरीब उतारू प्राणांस मुकले. पंचांनीं इंजिन व डबे यांवर एक हजार पौंडांचा डिओडंड बसविला. कंपन्या हादरल्या, परंतु विधवांच्या पदरीं त्यांतून कांहींच पडावयाचें नव्हतें.

अखेर १८४६ सालीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकारानें पार्लमेंटनें दोन कायदे केले. एकानें डिओडंड रद्द झाला. दुसऱ्यानें, ज्याच्या हयगयीनें मृत्यु ओढवला त्याच्याकडून मृताची पत्नी, पति, आईबाप व मुलें यांस भरपाई मिळूं लागली. मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली, आणि दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानांतही झाला.

‘देवाला द्यावयाचें’ हा शब्द कोशांत विसावला आहे. पण जें देवाच्या नांवानें राजा घेत होता, तें पोरक्या लेकरांपर्यंत पोंचावयास कित्येक शतकें लागलीं.