पुनश्च हरिः ॐ : मधल्या दहा महिन्यांची गोष्ट

वाचकहो, २०२० साली लॉकडाउन हळूहळू उठू लागला तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्या नव्या सुरुवातीला 'पुनश्च हरिओम' असे नाव दिले होते, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी सांगायचे तर वेदपठणाची सुरुवात 'हरिः ॐ' म्हणून करतात. पठण मध्येच थांबले आणि पुन्हा सुरू करायचे झाले, की पुन्हा 'हरिः ॐ'. मराठीत हा शब्दप्रयोग रूढ केला लोकमान्य टिळकांनी. ४ जुलै १८९९ रोजी 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी आपल्या अग्रलेखाला हे नाव दिले होते.

तो अग्रलेख सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधीच्या दहा महिन्यांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. आज मला त्याच दहा महिन्यांविषयी लिहायचे आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. तुरुंगात त्यांची प्रकृती खूपच खालावली. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि मुदत संपण्याआधीच, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, ते सुटले.

अशा वेळी पुढारी काय करील असे आपल्याला वाटते? दुसऱ्याच दिवशी सभा आणि पुढच्या अंकात जळजळीत अग्रलेख. लोक वाट पाहतच होते आणि लोकप्रियतेची लाट उसळलेली होती. टिळक मात्र सिंहगडावर गेले.

पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचा हा गड तुम्ही चढला असाल. वर पोचल्यावर मडक्यातले दही आणि पिठलं-भाकरीही खाल्ली असेल. गडावर टिळकांचा बंगला होता, तो आजही आहे. तिथली थंड हवा आणि शांतता त्यांना मानवत असे, उन्हाळ्यात ते मुद्दाम तिथे जाऊन राहत. सुटकेनंतर प्रकृती सावरण्यासाठी ते तिथे राहिले. डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले आणि तिथून सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, प्रवास करून आले. 'केसरी'चे संपादन या काळात त्यांनी परत घेतले नाही. नरसिंह चिंतामण केळकरांसारखे सहकारी तो भार वाहत होते.

या काळात टिळक नुसते पडून राहिले होते असे नाही. तुरुंगात असताना मॅक्सम्युलरनी त्यांना आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत पाठवली होती आणि सरकारने त्यांना रात्री काही तास दिव्याच्या उजेडात वाचायची परवानगी दिली होती. त्या उजेडात जमवलेल्या संदर्भांवरून त्यांनी 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथाचा पहिला मसुदा १८९८ च्या अखेरीस लिहून काढला. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९०३ मध्ये. त्यातला सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. आपल्याला महत्त्वाचे ते एवढेच, की थकलेल्या माणसाने आपले मन राजकारणाच्या धकाधकीतून काढून दुसऱ्या आवडीच्या विषयात गुंतवले. त्यांची विश्रांती आळसाची नव्हती. शरीराला स्वस्थता आणि मनाला पालट, अशी ती होती.

ही सवय त्यांनी तरुणपणीच लावून घेतली होती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती किरकोळ आहे हे ओळखून त्यांनी पहिले वर्ष तालीम, कुस्ती आणि पोहण्यात घालवले. अभ्यास मागे पडला तरी पर्वा केली नाही. गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले ते नंतर. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांना मंडालेला सहा वर्षांसाठी पाठवले, तेव्हा हीच पुंजी कामी आली. मधुमेह होता, ब्रह्मदेशाची हवा वाईट होती, आणि १९१२ साली पत्नी गेल्याची बातमीही त्यांना तिथेच कळली. तरीही 'गीतारहस्य' तिथेच लिहून झाले.

इथे दुसऱ्या एका पुणेकराची आठवण येते. गोपाळ कृष्ण गोखले टिळकांहून दहा वर्षांनी लहान. कायदेमंडळातली भाषणे, इंग्लंडच्या वाऱ्या, १९०५ मध्ये स्थापन केलेला भारत सेवक समाज, १९१२ मधला दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि नंतर सरकारी नोकऱ्यांवरच्या कमिशनचे काम. मधुमेह त्यांनाही होता, पण काम काही थांबले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. अतिश्रमानेच गेले, असे म्हणणे घाईचे होईल. पण प्रकृती साथ देत नसताना ते राबत राहिले, हे खरेच. त्या दिवशी टिळक सिंहगडावर विश्रांतीसाठी होते. बातमी कळताच ते गड उतरून आले आणि आयुष्यभराच्या विरोधकाच्या चितेसमोर आदराने बोलले. दोघांची देशभक्ती सारखीच होती. विश्रांतीला कामाचाच भाग मानण्याची सवय मात्र एकाला होती.

आपल्यापैकी जे लंडनमध्ये आहेत त्यांनी एकदा वॉरविक अव्हेन्यू स्टेशनला उतरून १०, हाऊली प्लेसपर्यंत चालत जावे. तिथे भिंतीवर टिळकांच्या नावाची पाटी आहे. १९१८-१९ मध्ये, साठी उलटल्यावर, ते त्या घरात राहिले. चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा खटला ते हरले, खर्चाचा मोठा बोजा पडला. तरी भाषणे, गाठीभेटी, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष, सगळे चालूच होते. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळ त्या वयात कुठून येते, असा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना सिंहगडाची गोष्ट सांगा.

आता थोडे आपल्याबद्दल. परदेशातली आपली मंडळे चार-पाच जणांच्या खांद्यावर चालतात. दिवसभर नोकरी, रात्री हॉलचे बुकिंग, फराळाच्या ऑर्डरी, नाटकाच्या तालमी. दोन-तीन वर्षे ते जिवापाड राबतात आणि मग एका दिवाळीनंतर कायमचे दिसेनासे होतात. 'वेळ नाही' असे सांगतात. खरे तर ते दमलेले असतात, आणि दमलो म्हणायची आपल्याकडे लाज वाटते. अशी किती गुणी माणसे आपण गमावली, आठवून पाहा.

टिळकांना दहा महिने दूर राहता आले, कारण 'केसरी' सांभाळणारे कोणी होते आणि त्यांच्यावर विश्वास टाकायची टिळकांची तयारी होती. म्हणून या वर्षी आपल्या मंडळातल्या एखाद्या दमलेल्या कार्यकर्त्याला आपणच म्हणू या, 'पुढचे सहा महिने आम्ही बघतो, तुम्ही स्वस्थ राहा.' आणि तो कार्यकर्ता तुम्हीच असाल, तर बिनदिक्कत रजा घ्या. परत आल्यावर हरिः ॐ म्हणायला आम्ही सगळे असूच.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!