बरणीच्या तळाशी नाव नाही

अकोल्याच्या घरी आजी कैरीचं लोणचं पिवळट-तपकिरी चिनी मातीच्या बरणीतच घालायची. एकदा मी हौसेनं हिरव्यागार झिलईचं मडकं आणलं. "आंबट त्याच्यात ठेवू नोको, माय," एवढंच ती म्हणाली.

कारण मला मॅजोलिकाबद्दल वाचताना कळलं. १८५१च्या लंडन प्रदर्शनात मिंटननं ही रंगीत, चकचकीत भांडी मांडली. पुढे अमेरिकेत लहान-लहान कारखाने निघाले. पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलच्या ग्रिफेन, स्मिथ अँड हिलची शिंपले-शेवाळाच्या नक्षीची ताटं मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. पण ती झळाळी शिशाची होती, आणि आंबटात शिसं उतरतं.

त्याच काळात मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरींनी सिंधच्या झिलईकामाच्या धर्तीवर भांडी घडवून घेतली. १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्याची चित्रं उतरवत होते. तिथली नक्षी या भांड्यांवर आली. म्हणजे आमच्या बुलढाण्याच्या शिवेलगतची लेणी सुरईवर चढून बाहेर गेली! भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती भांडी आजही दिसतात.

टेरी, ग्रिफिथ्स, मिंटन ही नावं सहज सापडतात. चाक फिरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या, शिशाची पूड हाताळणाऱ्या बहुतेकांची नाही. अमेरिकेतल्या कित्येक ताटांवरही शिक्का नाहीच.

आजीची बरणी मी उलटी करून पाहिली. तिच्याही तळाशी काही नाही. लोणचं मात्र अजून त्यातच मुरतंय.