मठग्रामांतील चर्च

कोल्हापुरास राजारामपुरींत राहणाऱ्याच्या डोळ्यांना काळ्या दगडाची संवय असते. आमचें अंबाबाईचें देऊळच काळ्या पाषाणाचें. आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून गोमंतकांत गेलें म्हणजे तांबडा, सच्छिद्र जांभा दिसूं लागतो. तेथील चर्चें मात्र दुरून पांढरींशुभ्र दिसतात. जांभा पावसाचें पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा चढवावा लागतो आणि तो वरचेवर नवा करावा लागतो. हा गिलावा मनांत ठेवूनच मीं मडगांवचें पवित्र आत्म्याचें चर्च पाहिलें.

मडगांव आज मोठें शहर आहे. चर्च प्रथम उभें राहिलें तेव्हां तें साष्टी प्रांतांतील एक गांव होतें. मठग्राम या नांवावरून मडगांव झालें असें मानतात. येथील ग्रामदैवत दामोदर. त्याच्या देवळाच्या जागीं १५६५ च्या सुमारास हें चर्च बांधलें गेलें, अशी परंपरा आहे. १५६७ त साष्टींतील देवळांचा सरसकट विध्वंस झाला, आणि देवळांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चांकडे व जेसुइटांच्या पाठशाळेकडे वळविण्यांत आलें. दामोदरास भक्तांनीं पोर्तुगीज हद्दीबाहेर जांबावलीस नेलें. पुढें १५७९ त आदिलशाही स्वारींत चर्चही पडलें. सध्यांची वास्तु १६७५ ची आहे.

दोन बाजूंस दोन मनोरे, त्यांवर लहान घुमट, मध्यें उंच दर्शनी भिंत, पुढील प्रशस्त चौकांत मोठा क्रूस. आराखडा युरोपांतला, पण दगड येथला, चुना येथला, आणि पैसाही शेवटीं येथल्याच मातींतून निघालेला. या वास्तूस निव्वळ परकी म्हणणें मला पटत नाहीं. तिच्या सौंदर्यांत रमून पायाखालचें देऊळ विसरणें तर त्याहूनही पटत नाहीं.

मराठी वाचकाचा या प्रांताशीं आणखी एक ऋणानुबंध आहे. १५७९ त गोव्यास आलेले इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें बहुतेक आयुष्य साष्टींतच वेंचिलें. रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देत असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण येऊन म्हणाला, जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कां देत नाहीं?—असा प्रसंग त्यांनीं आपल्या काव्याच्या आरंभीं घातला आहे. प्रश्न किती रास्त! त्याचें उत्तर म्हणजे सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण. तें १६१६ त रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें व साष्टींतील चर्चांतून वाचलें जाऊं लागलें. देवळाबरोबर जी पुराणश्रवणाची रीत गेली होती, ती अशी चर्चच्या दारानें परत आली.

ती फार टिकली नाहीं. मडगांवची ही वास्तु पुरी होऊन नऊ वर्षें झालीं न झालीं तोंच, १६८४ त, व्हाइसरॉयनें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ओंवीचा सूर चर्चांतून हळूहळू मावळला. बोली मात्र घरोघर राहिली.

दामोदर मडगांवीं परतला नाहीं. होळीनंतरच्या शिशिरोत्सवांत मडगांवकरच जांबावलीस जातात आणि त्याच्यापुढें गुलाल उधळतात.